विषय: बिग रॅपिड्सची सहल – मुलांना न्यायचं का?

नमस्कार मंडळी,
सहलीच्या यादीत जिम क्रो म्युझियम दिसलं, म्हणजे अमेरिकेतल्या वर्णभेदाच्या वस्तूंचं संग्रहालय. माझी मुलं ११ आणि १४ वर्षांची आहेत. काळ्या लोकांची विटंबना करणारी खेळणी, भांडी, चित्रं त्यांना दाखवायची? त्यापेक्षा डिअरबॉर्नला, गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांची बस दाखवली तर?

---

ताई,
बस जरूर दाखवा. हेन्री फोर्ड म्युझियममधल्या त्या २८५७ नंबरच्या बसमध्ये मुलांना चढून बसताही येतं. पण बिग रॅपिड्स चुकवू नका. ‘फक्त गोऱ्यांसाठी’च्या पाट्या १९६४च्या नागरी हक्क कायद्यानं बेकायदा ठरल्या. घरातल्या वस्तूंना कुठला कायदा हात लावणार? गुबगुबीत, हसऱ्या काळ्या मोलकरणीच्या आकाराची मीठदाणी घ्या. डोक्याला रुमाल, पुढे एप्रन, टाळूला भोकं. जेवताना घरातली पोरं तिला उलटी धरून मीठ शिंपडायची. वाचता न येणाऱ्या पोरालाही चाकरी कुणी करायची ते त्यातून कळायचं. मला तर पाट्यांपेक्षा ह्या वस्तू जास्त भयंकर वाटतात.

म्युझियमचे संस्थापक डेव्हिड पिल्ग्रिम स्वतः कृष्णवर्णीय. अलाबामातल्या मोबिलला, १२-१३ वर्षांचे असताना त्यांनी बाजारात अशीच एक मीठदाणी विकत घेतली आणि तिथेच आपटून फोडली. पुढे ते समाजशास्त्रज्ञ झाले, अशा वस्तू जमवत राहिले आणि १९९६ मध्ये सगळा संग्रह फेरिस स्टेट विद्यापीठाला दिला. तुमच्या मुलांच्याच वयाच्या पोराची गोष्ट आहे, त्यांना ती बरोबर समजेल. जमावानं लटकावून मारलेल्या लोकांविषयीचा भाग मात्र आधी तुम्ही बघा, मग धाकट्याचं ठरवा.

आणि हो, जुन्या बाजारात मिळणाऱ्या ‘कलर्ड’च्या, म्हणजे काळ्यांसाठीच्या, पाट्या मंडळाच्या प्रदर्शनासाठी कुणी घेऊ नका. त्यातल्या पुष्कळशा विकण्यासाठी नव्यानं छापलेल्या असतात.

---

काकांशी सहमत. जाताना गाडीत मुलांना महाडचंही सांगा. गोऱ्यांचा नळ वेगळा, काळ्यांचा वेगळा, हे ऐकून आपली मुलं हळहळतात. चवदार तळ्याचं त्यांना ठाऊकच नसतं. तळं सर्वांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव झाला होता, तरी अस्पृश्यांना पाणी भरू देत नव्हते. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांसह हजारो लोक तिथलं पाणी प्यायले, तर सवर्णांनी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. तळ्याच्या हक्कावरून चाललेल्या दाव्याचा कोर्टातला निकाल लागायला १९३७ उजाडलं.

मी नातवाला घेऊन येतेय. ताई, आमच्या गाडीत तिघांची जागा आहे, कळवा.