अनुभव धागा : मतदान यंत्राशी पहिली ओळख

1982 मध्ये केरळातल्या परूरला 50 केंद्रांवर यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं. कायद्यात तरतूद नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तिथे पुन्हा मतपत्रिकांवर मतदान घ्यायला लावलं. 2004 च्या लोकसभेला मात्र सगळ्या 543 मतदारसंघांत यंत्रंच होती. ते लोकांच्या अंगवळणी कसं पडलं, हे ज्यांनी पाहिलं त्यांनीच सांगायला हवं. तुम्ही पहिल्यांदा बटण दाबलंत किंवा कुणाला दाबायला शिकवलंत, ते लिहा. पक्ष, उमेदवार बाजूला ठेवूया.

सुरुवात मी करते. 2004, पाटण तालुक्यातली शाळा. मी मतदान केंद्रावर ड्यूटीला, कंट्रोल युनिट (मत द्यायचं यंत्र सुरू करणारा भाग) माझ्यासमोर. मी त्यावरचं ‘बॅलट’ बटण दाबलं, लाल दिवा लागला, आजी पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या. बीप येईना.

“बाई, शिक्का कुठाय?”

“आजी, शिक्का नाही आता. चिन्हासमोरचं निळं बटण दाबा.”

“दाबतीया की! चित्रावरच बोट हाय माझं, ह्या...”

“आजी, चिन्हाचं नाव घेऊ नका!” मी जवळजवळ ओरडलेच. उमेदवारांचे प्रतिनिधी कान देऊन बसलेले.

आत जाऊन दाखवायची सोय नाही. त्यांना बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर पुठ्ठ्यावरच्या नमुन्यावर बोट चित्रावरून उजवीकडे सरकवून दाखवलं. दोनदा त्यांच्याकडून करून घेतलं. परत आत गेल्या आणि लांब बीप वाजली. “गेलं का गं माझं?” त्यानंतर मी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला आधी पुठ्ठा दाखवला, मगच बॅलट दिलं. रांग खोळंबली तर खोळंबली.

फोंडा, गोवा : आमच्याकडे 1999 च्या विधानसभेला अख्ख्या राज्यात यंत्रं होती, देशात पहिल्यांदाच. माझं ते पहिलंच मत. आजोबांना मात्र चुटपुट लागली. हाताला कागद लागला नाही, घडी घातली नाही, असं घरी येऊन दोनदा म्हणाले.

निवृत्त लिपिक, जालना : मी मतपत्रिकांच्या मोजणीला बसलोय. शिक्का बरोबर दोन उमेदवारांच्या मधल्या रेघेवर. घडीमुळे शाई पलीकडे उमटलेली, मग खरा शिक्का कुठला यावर मेजाभोवती हुज्जत. उन्हात उभं राहून दिलेलं मत बाद म्हणून बाजूला काढताना फार वाईट वाटायचं.

पुणे : मला दिसत नाही. पूर्वी भाऊ सोबत यायचा आणि तोच शिक्का मारायचा. नंतर एका निवडणुकीला केंद्रावर ब्रेलमधली नमुना मतपत्रिका हातात दिली. अनुक्रमांक वाचून लक्षात ठेवला, यंत्रावर बटणाशेजारचा ब्रेल आकडा चाचपला आणि दाबलं. भाऊ बाहेर उभा होता. त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

परभणी जिल्हा : 2019 च्या आधी आठवडी बाजारात व्हीव्हीपॅटचं, म्हणजे दिलेलं मत चिठ्ठीवर छापून दाखवणाऱ्या यंत्राचं, प्रात्यक्षिक होतं. काचेमागे चिठ्ठी 7 सेकंद दिसते, मग पेटीत पडते. वडिलांनी विचारलं, “ती माझ्या हातात का देत नाही?” तिथला तरुण कर्मचारी म्हणाला, “काका, घरी नेली तर उद्या कोणी दारात येऊन म्हणेल, दाखव चिठ्ठी.” वडिलांनी उमेदीची वर्षं सालगडी म्हणून काढलीत. त्यांना पुढं काही समजावून सांगावं लागलं नाही. मतदानादिवशी आत बराच वेळ थांबले. बाहेर आल्यावर म्हणाले, “पडूस्तोवर बघितली.”