संपूर्ण ओळीला रंग देणारे सूत्र एक ओळ वर का लागू होते?

प्रश्न:
कामांची यादी एक्सेलमध्ये ठेवली आहे. ए ते एफ असे सहा कॉलम असून पहिल्या ओळीत शीर्षके, डी कॉलममध्ये कामाची मुदत आणि ई कॉलममध्ये काम पूर्ण झाल्याची तारीख आहे. मुदत उलटली असूनही ई रिकामा असेल, तर ती संपूर्ण ओळ लाल दिसावी, एवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी ए ते एफ हे कॉलम निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये (अट पूर्ण झाल्यास सेलला आपोआप रंग देणारी सोय) पुढील सूत्र दिले:

=अँड($डी२<टुडे(),$ई२="")

रंग येतो, परंतु नेमक्या ओळीऐवजी तिच्या वरच्या ओळीला येतो, आणि यादी संपल्यानंतरच्या रिकाम्या ओळीही लाल होतात. हेच सूत्र दुसऱ्या ओळीतल्या मोकळ्या सेलमध्ये लिहिल्यास उत्तर अचूक मिळते. असे का होत असावे?

पहिले उत्तर:
तुमच्या सूत्राची रचना योग्य आहे. त्याचा निवडलेल्या भागाशी मेळ बसलेला नाही. नियमातले सूत्र हे निवडीतील सक्रिय सेलसाठी (जिथून निवड सुरू केली तो सेल) लिहिले आहे असे एक्सेल गृहीत धरते आणि बाकीच्या सेलसाठी ते त्या अंतराने सरकवते. तुम्ही पूर्ण कॉलम निवडल्यामुळे सक्रिय सेल ए१ झाला, पण सूत्रात मात्र दुसरी ओळ आहे. म्हणून सातवी ओळ आठवीची तारीख तपासते, आठवी नववीची. जुना नियम काढून टाका, ए२ पासून खाली एफ५०० पर्यंत निवड करा आणि नियम नव्याने लिहा. निवड खालून वर ओढत नेली तर सक्रिय सेल तळाचा होतो व हाच घोळ दुसऱ्या रूपात समोर येतो, म्हणून लिहिण्यापूर्वी नेम बॉक्समध्ये (सूत्राच्या पट्टीच्या डावीकडील, सक्रिय सेलचे नाव दाखवणारी चौकट) ए२ दिसत असल्याची खात्री करावी.

डॉलरची चिन्हे तुम्ही योग्य ठिकाणी दिली आहेत. कॉलमच्या अक्षरापूर्वी डॉलर नसता, तर बी२ या सेलने डी आणि ई ऐवजी ई आणि एफ तपासले असते.

रिकाम्या ओळींचे कारण वेगळे आहे. एक्सेलच्या लेखी तारीख ही एक संख्या असते: १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि आजची तारीख ४५,००० च्याही पुढे. अशा तुलनेत रिकामा सेल शून्य धरला जातो, म्हणजे त्याची मुदत कायमच उलटलेली. त्यामुळे डी भरलेला असण्याची अट सूत्रातच घालावी लागते:

=अँड($डी२<>"",$डी२<टुडे(),$ई२="")

प्रश्नकर्ता:
दोन्ही अडचणी दूर झाल्या, आभारी आहे. मात्र काही ओळींची मुदत स्पष्टपणे उलटलेली असूनही त्या पांढऱ्याच राहिल्या आहेत. त्या दुसऱ्या फाइलमधून आणून पेस्ट केलेल्या आहेत.

दुसरे उत्तर:
त्या तारखा बहुधा मजकूर म्हणून आलेल्या आहेत. मजकुराची संख्येशी तुलना केली की एक्सेल मजकूर नेहमी मोठा ठरवते, त्यामुळे ‘आजपेक्षा लहान’ ही अट तिथे कधीच खरी होत नाही आणि चूक झाल्याचा कोणताही इशारा मिळत नाही. सेलचे अलाइनमेंट बदललेले नसेल तर अशी तारीख डावीकडे चिकटलेली दिसते, खरी तारीख उजवीकडे. डेटा टॅबवरील टेक्स्ट टू कॉलम्स या सोयीमध्ये दिवस, महिना व वर्ष यांचा योग्य क्रम निवडून त्या बदलून घ्याव्यात. पुढेही बाहेरून माहिती येणार असेल, तर मजकूर म्हणून आलेल्या तारखा लगेच दिसाव्यात यासाठी याच भागावर पिवळ्या रंगाचा आणखी एक नियम ठेवावा, असे मी सुचवेन:

=अँड($डी२<>"",नॉट(इझनंबर($डी२)))

ई कॉलमही पाहून घ्या. तिथे नुसती स्पेस पडलेली असली तरी सेल रिकामा ठरत नाही आणि ओळ लाल होत नाही. $ई२ ऐवजी ट्रिम($ई२) लिहिल्यास तो प्रश्न सुटतो.

पहिले उत्तर:
एक पुरवणी. ओळी कॉपी-पेस्ट करत गेल्यास नियमाचे तुकडे पडतात व मॅनेज रूल्समध्ये (नियमांची यादी दाखवणारी खिडकी) एकाच सूत्राच्या अनेक प्रती जमतात. मूळ फाइलमधून आणताना केवळ व्हॅल्यूज पेस्ट केल्यास हे टळते.