मदत हवी आहे: पीपीटी शाळेत उघडली की मराठीचा पार कचरा

बाई_सातवी: उद्या आदर्श पाठ आहे, केंद्रप्रमुख येणार आहेत. सातवी भूगोल, ऋतूंची निर्मिती. घरी पीपीटी छान दिसते. शाळेत उघडली की मराठी गायब, नुसते कंस आणि इंग्रजी अक्षरं. काय करू? लवकर सांगा!

माऊसमामा: फॉन्ट कोणता?

बाई_सातवी: मराठीच, नेहमीचा!

खडूफळा: ऋतूंना पीपीटी कशाला? वर्गात अंधार करा, मध्ये बल्ब लावा, पृथ्वीगोल त्याभोवती फिरवा. आसाचा कल मात्र सतत एकाच दिशेला राहू द्या. साडेतेवीस अंश काय चीज आहे ते पोरांना तिथेच कळतं.

साठपट: सर, विचारलंय काय, सांगताय काय? साठ पोरांत मागच्या बाकावरून गोल दिसतो?

खडूफळा: आणि स्लाइडवर चिकटवलेला अख्खा परिच्छेद दिसतो वाटतं? तोही बाई पडद्याकडे तोंड करून वाचतात.

मुक्तस्रोत: लिनक्स टाका, लिब्रेऑफिस इम्प्रेस वापरा. फुकट आहे.

बाई_सातवी: अहो, पाठ उद्या आहे!! फॉन्ट बघितला, कृतीदेव.

माऊसमामा: मग बरोबर. तो युनिकोड (मराठी अक्षरांना स्वतःचे कोड देणारी पद्धत) नाही. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांना मराठी रूप फॉन्ट देतो. शाळेच्या संगणकावर तो नसणार. पेनड्राइव्हवर न्या, राइट क्लिक, इन्स्टॉल.

बाई_सातवी: तिथे पासवर्ड मागतो. तो ज्या सरांना माहीत आहे ते रजेवर.

साठपट: मग घरीच फाइल, ऑप्शन्स, सेव्हमध्ये जाऊन फॉन्ट एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच बसवा.

माऊसमामा: काही फॉन्ट एम्बेड होऊ देत नाहीत. सेव्ह अ‍ॅजमध्ये पीएनजी निवडून सगळ्या स्लाइडची चित्रं करा.

बाई_सातवी: केली. आता पृथ्वी फिरतच नाही! पाठात तेच तर दाखवायचं होतं.

माऊसमामा: चित्रात अ‍ॅनिमेशन कसं राहील? मूळ फाइल उघडा. मजकुराची चौकट कट करा, पेस्ट स्पेशलमधून पिक्चर म्हणून परत चिकटवा. पृथ्वीला हात लावू नका.

हौशी_गुरुजी: स्लाइड बदलताना टाळ्यांचा आवाजही टाकता येतो. पोरं खूश होतात. सांगू का?

बाई_सातवी: नको!!! मामा, चौकटी जमल्या, पृथ्वीही फिरतेय. तीन स्लाइड राहिल्यात.

खडूफळा: आणि ऐन पाठात वीज गेली तर? गोल आणि टॉर्च जवळ असू द्या.

साठपट: वीज म्हणताय तर, शाळेसाठी इन्व्हर्टर कोणता घ्यावा? आमच्याकडे दुपारी हमखास जाते.

माऊसमामा: त्याला वेगळा धागा काढा.