प्रति: नवऱ्याने दिलेले पैसे आणि हरवलेली लग्नाची कागदपत्रं

ताई, तुमची अडचण वाचून राहवलं नाही. यजमानांनी खात्यावर दिलेली रक्कम आयकरवाल्यांनी तुमचं उत्पन्न धरली, आणि लग्नाचे कागद घर बदलताना गेले. वरच्या प्रतिक्रियांत दोघांनी 'लग्नाचं प्रतिज्ञापत्र करा' म्हटलंय. करा, पण तेवढ्यावर विसंबू नका.

१९६१च्या आयकर कायद्याच्या कलम ५६नुसार नवऱ्याकडून मिळालेली भेट करमुक्तच असते. म्हणजे सगळं अडलंय ते नातं सिद्ध करण्यावर.

आमच्या सासूबाईंचंही असंच झालं होतं, सगळे कागद वाळवीने खाल्ले. सासरे सोलापुरात गिरणीत होते. त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या नामनिर्देशनात 'पत्नी' म्हणून सासूबाईंचं नाव निघालं, तेही वाद सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधीचं! असा जुना कागद फार मोलाचा. विमा पॉलिसी, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, पासपोर्ट शोधा. लग्नपत्रिका माहेरच्या ट्रंकेत नक्की बघा, माम्या-मावश्या जपून ठेवतात.

आणि लग्न जुनं असलं तरी नोंदणी आजही होते. महापालिकेच्या विवाह नोंदणी कार्यालयात तीन साक्षीदार घेऊन जा, उशिराचा दंड भरावा लागेल. दाखल्यावर लग्नाची मूळ तारीख येते. १९७८ साली बद्रीप्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की दीर्घकाळ पती-पत्नी म्हणून राहिलेल्यांचं लग्न झालेलंच गृहीत धरायचं. लग्न झालंच नाही म्हणणाऱ्याने तसं सिद्ध करावं. आयकरवाल्यांना द्यायच्या उत्तरात हे जरूर लिहा.

एक मात्र, त्या रकमेवरचं व्याज यजमानांच्या उत्पन्नात धरलं जातं, कलम ६४. ते त्यांच्या विवरणपत्रात दाखवलंय ना?