सल्ला हवा: बँजो आणि रॅपचा अल्बम घरच्या घरी, एकूण ९०० डॉलरमध्ये

डोंगरवाट:
नमस्कार मंडळी. मी टेनेसीत नॉक्सव्हिलला असतो. ऑफिसातला एक मित्र पूर्व केंटकीतला, कोळशाच्या खाणींच्या भागातला. आजोबांकडून बँजो शिकला आणि रॅप स्वतः लिहितो. बंद पडलेली खाण, गोळ्यांच्या व्यसनात गेलेला चुलतभाऊ, आजीचं विकलेलं घर, असे विषय. बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारं संगीत, मी करतो. आठ गाणी, शंभर कॅसेट आणि बँडकॅम्प ही गाणी विकायची साइट, बस. लेबल नको. लॅपटॉप, त्याला माइक जोडायचा इंटरफेस आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे. ९०० डॉलरमध्ये कॅसेटही आल्या.
प्रश्न दोन. बँजो आणि आवाज घरी कसा रेकॉर्ड करावा? आणि फिडलच्या (लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या) जुन्या रेकॉर्डचे तुकडे बीटमध्ये वापरता येतात का?

नॅशव्हिलकर:
डोळे झाकून शुअरचा एसएम७बी माइक घे. माझ्याकडे चार वर्षं आहे, एकदाही पश्चात्ताप झाला नाही. ४०० च्या आसपास पडतो. त्याचा सिग्नल क्षीण असतो, गेन फार लागतो, म्हणून बूस्टर आणि चांगला प्रीअँप सोबत घेच. माझं सगळं मिळून हजाराच्या वर गेलं, पण आवाज ऐकशील तर कळेल.

डोंगरवाट:
बजेट कॅसेटसकट ९०० आहे हो.

नॅशव्हिलकर:
मग बजेट वाढव. माइक आयुष्यभराचा असतो.

मालवणी_अटलांटा:
माइकचं नंतर बघ, आधी रॅपर बबा स्पार्क्सचा २००३ चा अल्बम ‘डिलिव्हरन्स’ ऐक. तो आमच्या जॉर्जियातल्या लग्रेंजचा. निर्माता टिंबालँडच्या बीटवर फिडल आणि हार्मोनिका कशी बसवलीय बघ. त्याच्या आदल्या वर्षी केंटकीच्या बोलिंग ग्रीनमधल्या नॅपी रूट्स या रॅप गटाचा अल्बम आला होता, तुझ्या मित्राला माहीत असणारच. मी दोन्हींच्या सीडी तेव्हाच घेतल्यात, अजून गाडीत आहेत.

जुनंतेसोनं:
मला हा प्रकारच पटत नाही. कंट्री हे गोऱ्या शेतकऱ्यांचं गाणं, रॅप शहरातल्या काळ्यांचं. दोन्ही एकत्र केलं की धड एकही राहत नाही.

मालवणी_अटलांटा:
बँजो आला कुठून? पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी भोपळ्याला चामडं ताणून तो बनवला. ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या रेडिओ कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या ताऱ्यांपैकी डीफोर्ड बेली काळा होता, हार्मोनिका वाजवायचा. हे एकत्रच होतं, वेगळं नंतर केलं. २०१९ मध्ये लिल नास एक्सचं गाणं बिलबोर्डनं कंट्रीच्या यादीतून काढलं, तेव्हाही हाच वाद झाला होता. पुढे ते मुख्य यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं.

जुनंतेसोनं:
बँजोचा इतिहास मला माहीत आहे. मी गाण्याबद्दल बोलतोय.

सिनसिनाटीची_सई:
धागा भरकटतोय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण माझे हात पोळलेत. माझं गाणं एका तुकड्यापायी सगळीकडून उतरवलं गेलं.
टेनेसी, केंटकी, ओहायो हे सगळं सहाव्या सर्किटमध्ये, म्हणजे एकाच केंद्रीय अपील कोर्टाखाली येतं. त्या कोर्टानं २००५ मध्ये स्पष्ट सांगितलं की परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डचा तुकडा उचलू नका. तिथे गिटारचा जेमतेम दोन सेकंदांचा तुकडा होता. कॅलिफोर्निया ज्यात येतं त्या नवव्या सर्किटनं २०१६ मध्ये उलट मत दिलं, पण तू कॅलिफोर्नियात नाहीस. आणि वर लिल नास एक्सच्या ज्या गाण्याचं निघालं, त्याचा बीट एका डच पोरानं ऑनलाइन विकला होता, ३० डॉलरला घेतलेला. त्यात नाइन इंच नेल्स या रॉक बँडचा तुकडा होता. शेवटी परवाना घ्यावा लागला आणि त्यांची नावं गीतकारांत घालावी लागली. शंभर कॅसेट आहेत, कोण बघतंय, असं म्हणू नकोस.
एक वाट आहे. अमेरिकेत १९२३ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्ड २०२४ च्या १ जानेवारीपासून कॉपीराइटमधून मोकळ्या झाल्यात. फिडलवादक एक (Eck) रॉबर्टसनचं १९२२ चं फिडल त्यात बसतं. जॉर्जियाच्या फिडलिन जॉन कार्सनचं १९२३ चं अटलांटातलं रेकॉर्डिंगही. मात्र त्यांची लय ठोकळेबाज नसते आणि सूरही दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी असतो. बीटवर बसवायला रात्र जाते.

टेक्सासचा_तात्या:
एसएम७बीला अनुमोदन. मीही तोच वापरतो, पॉडकास्टला.

घुंगुरकाठी:
बँजोला एसएम५७ माइक पुरे, शंभरेक डॉलर. मी क्लॉहॅमर, म्हणजे नखानं तारा खाली मारायच्या जुन्या पद्धतीनं, बँजो वाजवते, म्हणून सांगते. माइक ब्रिजवर, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवर, रोखू नकोस, पत्र्यासारखं वाजतं. दांडी जिथे चामड्याला मिळते तिथे, एक वीत अंतरावर ठेव. चामड्यामागे आतल्या दांडीखाली जुना मोजा कोंब, ठणठण कमी होते.
बीट करताना लक्षात ठेव, ओपन जी ट्यूनिंगमध्ये सर्वांत खालची तार डी, साधारण १४७ हर्ट्झ. त्याखालचं सगळं मैदान तुझं. ८०८, म्हणजे ड्रम मशीनचा तो खोल बास, जी सुरावर लाव, ४९ हर्ट्झ. भांडण होईल ते वर, हाय-हॅटशी, म्हणजे झांजेच्या टिकटिकीशी. हाय-हॅट काढूनच टाक. त्याचं काम बँजोचा अंगठा करतो.
आणि रेकॉर्डिंगआधी फ्रिज बंद कर. त्याची घूंघूं माझ्या सात टेकमध्ये आली होती, दिवस वाया गेला. आता मी गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते, म्हणजे चालू करायचं विसरून घराबाहेर पडता येत नाही.

टेक्सासचा_तात्या:
मित्राचं ठीक, तू एच-१बीवर असशील तर विक्रीचे पैसे घेण्याआधी वकिलाला विचार. आमच्याकडे एकाला फार मनस्ताप झाला.

डोंगरवाट:
ग्रीनकार्ड आहे, तात्या.

नॅशव्हिलकर:
एसएम५७ आवाजाला कोता पडेल. बजेट वाढवच.

डोंगरवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. काय ठरलं ते सांगतो.
शनिवारी कपाटात आईची गोधडी टांगली, माइक तुम्ही म्हणता तसा लावला आणि दोन्ही वेगवेगळं रेकॉर्ड केलं. आधी बँजो, मग हेडफोन लावून रॅप. शब्द तेच, पण पोकळ वाटत होते. चौथ्या टेकला त्यानं हेडफोन काढला आणि म्हणाला, हात रिकामे असले की मला श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही. मग मागच्या ओसरीत बसलो. बँजो त्याच्या मांडीवर, समोर एकच एसएम५७, छातीच्या उंचीला. एका दमात गाणं झालं. चुलतभावाच्या कडव्याला त्याचा अंगठा क्षणभर थांबला आणि ती जागा तशीच राहिली.
आठही गाणी अशीच करणार. आवाज आणि बँजो आता मिक्समध्ये वेगळे करता येणार नाहीत, मान्य आहे. सॅम्पल एकही नाही. सईताई, तुमची माहिती पुढच्या वेळी कामी येईल. ८०८ जीवर लावलाय आणि हाय-हॅट काढलाय, घुंगुरकाठी, तुमचं शंभर टक्के बरोबर होतं.

नॅशव्हिलकर:
एका माइकवर दोन्ही? नंतर पस्तावशील.

घुंगुरकाठी:
ओसरीत करणार असशील तर सकाळी लवकर कर. तुमच्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर रातकिडे आणि सिकेडा उठतात, ते मोज्यानं थांबत नाहीत.

डोंगरवाट:
रविवारी सहाला बोलावलंय त्याला.