मेटॅलिका १९८६ ला संपली म्हणणाऱ्यांना

सहावी_तार

परवा इथेच 'थ्रॅशभक्त' यांनी ठणकावून लिहिलं की २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बस उलटून बेसवादक क्लिफ बर्टन गेला आणि त्याच दिवशी मेटॅलिका हा अमेरिकी मेटल बँड संपला. त्यानंतरची सगळी दुकानदारी, आणि १९९१ नंतरचे अल्बम आवडणारे लोक 'टीव्हीवर बघून आलेले'. तिथेच दोन ओळी टाकून मोकळी होणार होते. पण हे वाक्य मी कॉलेजपासून ऐकत आलेय आणि आता मला त्याचा खरंच वीट आलाय.

'विकले गेले' हा आरोप १९९१ च्या ब्लॅक अल्बमपासून सुरू झाला, असं समजणाऱ्यांनी १९८४ कडे बघावं. 'राइड द लायटनिंग'वर 'फेड टू ब्लॅक' आलं, सुरुवातीला अकूस्टिक गिटार, संथ चाल. तेव्हाच्या कट्टर मंडळींनी लगेच बोंब मारली की हे मऊ झाले. आज तेच गाणं कट्टरांच्या देव्हाऱ्यात आहे. म्हणजे ज्याला तुम्ही सुवर्णकाळ म्हणता, त्या काळातही बँड दर अल्बमला बदलतच होता. 'किल 'एम ऑल' (१९८३) आणि 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) लागोपाठ ऐका. तीन वर्षांत किती लांबचा पल्ला आहे! तो बदल चालतो, पुढचा चालत नाही, हे का?

१९८८ च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'वर (पुढे नुसतं 'जस्टिस') गाणी नऊ-दहा मिनिटांची झाली. ती स्टेजवर वाजवताना समोरची माणसं कंटाळतात, हे त्यांनीच नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय. त्या वाटेने आणखी पुढे जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून बॉब रॉक हा निर्माता आला, चौघांना एका खोलीत एकत्र वाजवायला बसवलं, आणि ऑक्टोबर १९९० पासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घासून १९९१ चा अल्बम झाला. याला दुकानदारी म्हणणाऱ्यांनी 'सॅड बट ट्रू'ची रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी गिटारची ओळ, एकदा नीट ऐकावी. किती कमी सूर, आणि वजन किती!

आणि १९९६ चा 'लोड'. हो, मी 'लोड'ची बाजू घेणार आहे. गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डच्या घरची श्रद्धा अशी की औषधोपचार करायचे नाहीत. तो सोळा वर्षांचा असताना आई कर्करोगाने गेली. विशीत हा माणूस विजेच्या खुर्चीवरच्या कैद्याबद्दल लिहीत होता, युद्धाबद्दल लिहीत होता. आईबद्दल लिहायला त्याला तिशी जवळ यावी लागली: आधी 'द गॉड दॅट फेल्ड', मग १९९६ ला 'अन्टिल इट स्लीप्स' आणि 'मामा सेड'. केस कापले, डोळ्यांत काजळ घातलं, यावरच तुम्ही अडकून बसलात. 'द आउटलॉ टॉर्न' शेवटपर्यंत ऐकलंय का? सीडीवर जागा उरली नाही म्हणून त्याचा शेवट छाटावा लागला होता. पूर्ण गाणं पुढे एका सिंगलवर आलं, जवळजवळ अकरा मिनिटांचं. दुकान चालवणारा माणूस असं गाणं करत नाही.

थ्रॅशभक्त

माझं नाव घेऊन धागा काढलात, आभार. आता माझंही ऐका.

केस आणि काजळ हा माझा मुद्दा कधीच नव्हता, तो माझ्या तोंडी घालू नका. माझा मुद्दा रचनेचा आहे. 'मास्टर ऑफ पपेट्स'वरचं 'ओरायन' घ्या. मधे सगळं थांबतं, बेस एकटा पुढे येतो, त्यावर गिटारी एकेक थर चढवत जातात. हे क्लिफचं डोकं. तो संगीत शिकलेला होता, बाख ऐकायचा, दोन गिटारींनी एकमेकींना कसं धरायचं हे त्याने बाकीच्यांना दाखवलं. तो गेल्यावर त्या बँडमध्ये 'हे पुरेसं नाही, आणखी विचार करा' म्हणणारं कुणी उरलं नाही. 'सॅड बट ट्रू' वजनदार आहे हे मान्य. पण ती रिफ पहिल्या मिनिटाला जिथे आहे तिथेच पाचव्या मिनिटाला आहे.

आणि 'मास्टर'च्या वेळेस एकही व्हिडिओ नव्हता. त्यांचा पहिला व्हिडिओ १९८९ चा, 'वन'चा. लोकांपर्यंत ते संगीत कॅसेटवरून कॅसेट भरत पोचलं. माझ्याकडे आलेली 'मास्टर'ची कॅसेट मावसभावाने टीडीकेच्या नव्वदच्या कॅसेटवर भरून दिली होती, एका बाजूच्या शेवटी 'सॅनिटेरियम' अर्धवट तुटायचं. आजही मूळ गाणं ऐकताना त्या जागी मी दचकतो. हे ब्लॅक अल्बममधलं 'एंटर सँडमॅन' दिवसातून चार वेळा टीव्हीवर बघणाऱ्यांना कळणार नाही.

कल्याण_लोकल

नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची असते आणि 'मास्टर'ची पहिली बाजू त्याहून छोटी आहे. 'सॅनिटेरियम' तुटत असेल तर मावसभावाला विचारा.

बाकी थ्रॅशभक्तांशी सहमत. 'लोड' मला झोप आणतो.

थ्रॅशभक्त

दुसरी कुठली असेल. मुद्दा तो नाही.

बेसवाला_काका

सगळे क्लिफ क्लिफ करताय, पण जेसन न्यूस्टेडचं काय? क्लिफनंतर आलेल्या पोराला 'जस्टिस'वर चक्क पुसून टाकलं, त्यावर एक शब्द नाही! अल्बम ज्या गाण्याने उघडतो त्या 'ब्लॅकन्ड'च्या श्रेयात न्यूस्टेडचं नाव आहे. आणि त्याच गाण्यात त्याचा बेस शोधावा लागतो. मिक्स करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसनने उघड सांगितलंय की ड्रमवाल्या लार्सने बेस खाली घ्यायला लावला, आणि घेतल्यावर आणखी खाली घ्यायला लावला. पहिल्या जपान दौऱ्यात बाकीचे खायचे-प्यायचे आणि बिल याच्या खोलीवर टाकायचे. मित्र गेल्याचं दुःख होतं, समजू शकतो. पण ते नव्या माणसावर काढायचं?

मला हे लागतं, कारण मी स्वतः सांगली-कोल्हापूरकडे ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो. एका गावात गणपतीत कार्यक्रम होता. 'मेहबूबा'ची सुरुवात, 'दम मारो दम', आमच्या बेसला जागाच जागा. दोन आठवडे घरी बसून बसवलं होतं. साउंडवाल्याने पहिल्याच गाण्याला माझा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) तळाला नेला. का, तर ऑक्टोपॅडवाला त्याचा मित्र, त्याचा दणका वर यायला हवा. मी मॉनिटरमध्ये स्वतःला ऐकत होतो, मजेत होतो. नंतर मेहुण्याने काढलेली व्हिडिओ कॅसेट घरी सगळ्यांसमोर लावली. मी दिसतोय, बोटं चालतायत, आवाज नाही. आई म्हणाली, 'तुझं वाजत नव्हतं का रे?' त्यामुळे 'जस्टिस' लावला की मला जेसनचीच आठवण येते. दशकं कसली बघताय? बेस ऐकू येतो का, ते बघा!

मिक्सर_माणूस

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, दर वेळी साउंडवाल्याचा डाव नसतो. मी मंडपात साउंड करतो. पत्र्याच्या शेडमध्ये, खाली पोकळ स्टेज, बाजूला कापडी भिंती, तिथे बेस थोडा वर घेतला की सगळं घुमायला लागतं आणि गायकाचे शब्द चिखलात जातात. मग पहिला बळी बेसचा. कारण बेस कमी झाला तर तक्रार एकच माणूस करतो, शब्द ऐकू आले नाहीत तर अख्खं गाव करतं.

'जस्टिस'मध्येही निम्मं कारण तांत्रिक आहे. हेटफिल्डने गिटारचा मधला भाग काढून टाकलाय, खालचा भरपूर ठेवलाय. जेसन बरेचदा रिफ जशीच्या तशी बेसवर वाजवतो. दोघं एकाच जागेत बसले तर एक दिसेनासा होणारच. त्यात मिक्स चालू असताना बँड दौऱ्यावर, रोज मोठ्या आवाजात वाजवून कान थकलेले.

बेसवाला_काका

मग क्लिफ का ऐकू येतो? तीच गिटार, तोच हेटफिल्ड, तोच निर्माता फ्लेमिंग रासमुसेन! 'फॉर हूम द बेल टोल्स'च्या सुरुवातीला जो सूर लोक गिटार समजतात तो बेस आहे. म्हणजे ठेवायचा असला की जागा मिळते. तुमच्या तांत्रिक कारणांआड लोकांनी माझी उमेदीची वर्षं खाल्ली. पत्र्याची शेड काय, पुण्यातल्या नाट्यगृहातही माझं तेच झालं!

मिक्सर_माणूस

क्लिफ ऐकू येतो कारण तो रिफ सोडून वेगळं वाजवायचा. जेसनचं वादन तसं नव्हतं. आणि माझ्या धंद्याला शिव्या घालायच्या असतील तर एकदा रात्री दोनला केबल गुंडाळायला या, मग बोलू.

कल्याण_लोकल

लार्सला वेगळा बेस नको होता म्हणून जेसनने तसं वाजवलं, की तसं वाजवलं म्हणून बेस नको झाला? २०१८ ला 'जस्टिस' पुन्हा काढला तेव्हा दुरुस्त करता आला असता. नाही केला. म्हणाले, इतिहासाला हात लावायचा नाही. मला तर हा सरळ हट्ट वाटतो.

सहावी_तार

धागा बेसवर गेलाय, जाऊ दे, कारण हा बेस माझ्याच बाजूने बोलतोय. थ्रॅशभक्त, तुमच्या आवडत्या दशकातल्या शेवटच्या अल्बमवर बेस नाही. तो परत आणला ज्याला तुम्ही शिव्या देता त्या बॉब रॉकने! १९९१ च्या 'माय फ्रेंड ऑफ मिझरी'ची सुरुवात ऐका. एकटा बेस, आणि ती कल्पना जेसनचीच. काका, तुम्ही तर ब्लॅक अल्बमच्या पाया पडायला हवं.

बेसवाला_काका

पडतो. पण 'सेंट अँगर'वर बॉब रॉकने स्वतःच बेस वाजवला, जेसन २००१ ला सोडून गेल्यावर. त्याला मी पाया पडणार नाही.

थ्रॅशभक्त

'सेंट अँगर' निघालाच आहे तर बोलू. स्नेअर ड्रमची तार सोडून डबा वाजवल्यासारखा आवाज, अख्ख्या अल्बमवर एक सोलो नाही. कर्क हॅमेटसारखा गिटारवादक बँडमध्ये असताना! मग २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक', गाणी बरी, पण आवाज इतका दाबलेला की कान फुटतात. त्याचाच गिटार हिरो या खेळातला अवतार जास्त स्वच्छ होता, लोक तो उतरवून घेत होते. 'दर दशकात वाढ' म्हणता ती हीच का?

मिक्सर_माणूस

'डेथ मॅग्नेटिक'बद्दल शंभर टक्के. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सननेच म्हटलं होतं की त्याच्या हातात आलं तेव्हाच ते ठेचलेलं होतं. इथे मी थ्रॅशभक्तांच्या बाजूने, आणि हे लिहिताना मला काही आनंद होत नाहीये.

सहावी_तार

'दर दशकात वाढ' असं मी कुठेही लिहिलेलं नाही. 'सेंट अँगर'चा स्नेअर मलाही सहन होत नाही. मी म्हणतेय की एका दशकाच्या फूटपट्टीने दुसरं मोजू नका.

न्यूजर्सीकर

उशिरा आलो. ऑगस्ट २०२३ मध्ये इथे मेटलाइफ स्टेडियमला दोन रात्री होत्या, मधे एक दिवस सोडून. नियम असा की एकही गाणं दोन्ही रात्री वाजणार नाही. सोबत लेक होती. तिला 'मास्टर ऑफ पपेट्स' आदल्या वर्षी एका मालिकेमुळे कळलं. त्याआधी हा गोंगाट बंद करा म्हणायची. मी २०११ ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर चिखलात उभा राहिलेला माणूस. दिल्लीचा कार्यक्रम रद्द झाला होता, हाही होतो की नाही ही धाकधूक, आणि 'वन'च्या आधीचे गोळीबाराचे आवाज सुरू झाल्यावर शेजारचा अनोळखी मुलगा माझ्या गळ्यात पडून रडला होता.

तर स्टेडियममध्ये मी लेकीला सारखा सांगत होतो, हे ८४ चं, हे ९१ चं, हे आत्ताचं. ती शेवटी चिडली. 'बाबा, यू आर रुइनिंग इट' म्हणाली. तिला ती सगळी एकाच बँडची गाणी होती. थ्रॅशभक्तांना एक सांगतो: ती ८६ ची गाणी आता ते अर्धा सूर खाली वाजवतात, हेटफिल्डच्या गळ्यासाठी. कुणाला कळत नाही, कुणाला फरक पडत नाही.

थ्रॅशभक्त

मला कळतं आणि मला फरक पडतो. 'बॅटरी' अर्धा सूर खाली ऐकणं हा त्रास आहे. साठीच्या माणसांनी विशीची गाणी वाजवू नयेत असं मी म्हणत नाही, पण ते तेच आहे असं सांगू नका. आणि तुमची मुलगी ज्या गाण्यामुळे आली ते कोणत्या सालचं? ८६. लोड-रीलोडमधल्या गाण्याने का नाही आली? विचार करा.

न्यूजर्सीकर

कारण मालिका १९८६ मध्ये घडते! त्यात १९९६ चं गाणं कसं येईल?

कल्याण_लोकल

हे बरोबर आहे.

सहावी_तार

थ्रॅशभक्त, एक करा. २०२३ च्या '७२ सीझन्स'वर शेवटचं 'इनामोराटा' आहे, ११ मिनिटं १० सेकंद, त्यांच्या स्वतःच्या मूळ गाण्यांतलं आजवरचं सगळ्यात लांब गाणं. मधे सगळं ओसरतं, फक्त हल्लीच्या बेसवादकाचा, ट्रुहियोचा, बेस राहतो, मग ड्रम, मग गिटारी परत येतात. तुम्हीच लिहिलंत ना, 'ओरायन'मध्ये बेस एकटा पुढे येतो? सदतीस वर्षांनी ती जागा त्यांनी पुन्हा केलीय. काका, तुम्हीही ऐका.

बेसवाला_काका

आत्ता ऐकलं, हेडफोन लावून. बेस आहे. स्पष्ट आहे. ट्रुहियो बोटांनी वाजवतो, पिकने नाही, आणि ते कळतंय. अल्बम विकत घेतोय. मिक्सरवाले, यातही गिटारी तितक्याच जाड आहेत, तरी जागा मिळालीच की नाही?

मिक्सर_माणूस

मिळाली, कारण त्या जागी गिटारी थांबल्यात, काका. पण ठीक आहे.

थ्रॅशभक्त

ऐकलं. मधला भाग चांगला आहे. अकरा मिनिटं लागत नव्हती, सात पुरली असती. आणि 'द आउटलॉ टॉर्न'ही काल रात्री पूर्ण ऐकलं, तुमच्या आग्रहाखातर, न छाटलेलं. शेवटची तीन-चार मिनिटं मान्य करतो. दोन गाण्यांवर सदतीस वर्षं माफ होत नाहीत. 'ओरायन' तो 'ओरायन'च.

सहावी_तार

माफी कुणी मागितलीये? आता 'ब्लीडिंग मी' ऐका. तेही 'लोड'वरच आहे. तोवर मी 'मास्टर'वरचं 'डॅमेज, इंक.' ऐकते, ते मला तुमच्याइतकंच आवडतं, आणि ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.