मुलांना हे कधी कळलं? – तुमचे अनुभव लिहा

लेक सात वर्षांची. गेल्या रविवारी विरार लोकलमध्ये एका आफ्रिकन तरुणाशेजारची जागा दादर ते अंधेरी रिकामीच राहिली. डबा भरलेला, जिथे चौथ्या सीटवरही लोक अर्धे लटकून बसतात! लेकीने विचारलं, "बाबा, तिथे ओलं आहे का?"
मीही उभाच होतो.
तुमच्याकडे असं काही झालंय का?

शेवग्याची_शेंग: आमच्या सोसायटीत आजवर चार वॉचमन झाले, चौघेही 'बहादूर'. एके दिवशी मुलगा (वय सहा) खाली जाऊन त्यांच्याशी गप्पा मारून आला. "आई, त्यांना नाव आहे! आणि ते नेपाळचे नाहीतच, दार्जिलिंगचे आहेत." मी अजूनही कधीकधी चुकते. सासूबाई चुकत नाहीत, मुद्दामच म्हणतात.

कलिनावासी: आमच्या वरच्या मजल्यावर मणिपूरच्या दोघी भाड्याने राहायच्या. त्यातली एक माझ्या मुलाला गणित शिकवायची, फुकट. २०२०च्या मार्चमध्ये खालची पोरं त्यांना बघून 'कोरोना, कोरोना' ओरडली. त्यात आमचे चिरंजीवही. संध्याकाळी नेहमीसारखी वही घेऊन वर गेला. तिने दार उघडलं, अपूर्णांक शिकवले, एक अवांतर शब्द बोलली नाही. रोज बिस्किट द्यायची, ते त्या दिवशी दिलं नाही. खाली येऊन तो जेवला नाही. मी ओरडलेही नाही, काय ओरडणार? 'चिंकी' हा शब्द त्याने आमच्याच जेवणाच्या टेबलावर ऐकला होता.

नियमावली: समोरची व्यक्ती अनुसूचित जमातीची असेल, तर त्या शब्दावरून ॲट्रॉसिटीचा गुन्हा लागू शकतो. केंद्रीय गृहखात्याने २०१२ सालीच राज्यांना तसं कळवलंय.

कलिनावासी: माहितीबद्दल आभार. टेबलावर कोण लावणार?

भटक्या: मुरूडला शिडाच्या होडीत बसून मुलीला ऐटीत सांगत होतो, जंजिऱ्याचे सिद्दी मूळ आफ्रिकेतले, १९४८ पर्यंत त्यांचं इथे संस्थान होतं वगैरे. ती म्हणाली, "म्हणजे हबशी? उन्हातून खेळून आले की आजी मला हबशीण म्हणते, ते हेच?" होडीवाल्याने ऐकलं. मी किल्ल्याचे फोटो काढत बसलो.

धागाकर्ता: वाचतोय सगळं. काल लेकीने पुन्हा विषय काढला, "तू का नाही बसलास?" म्हटलं, पाय दुखत नव्हते.
"दुखत होते. दादरला तूच म्हणालास."